विश्लेषण : सॉफ्टवेअर बदलले की जुन्या दुरुस्त्या का हरवतात? पिंपरी-चाकणच्या लघुउद्योगांपुढे ‘जनरेटेड कोड’चे कोडे काय?

भोसरी किंवा चाकणच्या कारखान्यातून सुट्या भागांचा टेम्पो निघण्याआधी तेथील संगणकाला अनेकदा दोन दूरच्या संगणकांशी बोलावे लागते. एक सरकारचा, ई-इनव्हॉइससाठी. दुसरा माल घेणाऱ्या वाहन कंपनीचा. हे बोलणे घडवून आणणारा कोड बहुतेक वेळा माणसाने लिहिलेला नसतो, तो एखाद्या साधनाने तयार करून दिलेला असतो. त्यात वेळोवेळी केलेल्या दुरुस्त्या मात्र माणसांच्या हातच्या असतात. आता जावा, डॉट नेट, सॅप अशा सर्वच मंचांवर जुन्या फ्रेमवर्कवरून नव्या फ्रेमवर्कवर जाण्याची वेळ आली आहे आणि त्या धांदलीत सर्वात आधी हरवतात त्या याच दुरुस्त्या. हे का घडते, त्यात उद्योजकाचे काय पणाला लागते आणि ते टाळण्याचे मार्ग कोणते, याविषयी.

‘जनरेटेड कोड’ म्हणजे काय?

दोन कंपन्यांच्या संगणक प्रणालींनी इंटरनेटवरून ठरलेल्या नमुन्यात माहितीची देवाणघेवाण करायची सोय म्हणजे वेब सर्व्हिस. यात सेवा देणारी बाजू आधी एक करारनामा प्रसिद्ध करते. कोणती माहिती कोणत्या नावाने पाठवायची, कोणता रकाना सक्तीचा, कुठे आकडा आणि कुठे अक्षरे, हे सारे त्यात असते. जुन्या ‘सोप’ पद्धतीत या करारनाम्याला डब्ल्यूएसडीएल म्हणतात आणि माहिती एक्सएमएल स्वरूपात जाते. नव्या ‘रेस्ट’ पद्धतीत हे काम बहुधा ओपन एपीआय किंवा जेसन स्कीमा करते.

हा करारनामा शेकडो रकान्यांचा असू शकतो. प्रत्येक रकान्यासाठी हाताने कोड लिहिणे वेळखाऊ आणि चुकांना निमंत्रण देणारे. म्हणून करारनामा वाचून त्यावरून कोडच्या फाइली आपोआप तयार करणारी साधने आली. डॉट नेटमध्ये आधी ‘डब्ल्यूएसडीएल डॉट एक्सई’ आणि नंतर ‘एसव्हीसी-युटिल’, जावामध्ये ‘डब्ल्यूएस-इम्पोर्ट’, अॅपाची अॅक्सिस आणि सीएक्सएफ यांची साधने, तर रेस्टसाठी ‘ओपन एपीआय जनरेटर’. एक आज्ञा दिली की काही सेकंदांत हजारो ओळींचा कोड तयार होतो. डॉट नेटच्या अशा फाइलीच्या माथ्यावर साधन स्वतःच इशारा लिहून ठेवते : हा कोड साधनाने तयार केला आहे, यात बदल केल्यास प्रणाली चुकीची वागू शकते आणि कोड पुन्हा तयार केल्यास ते बदल नष्ट होतील.

पिंपरी-चाकण पट्ट्याचा याच्याशी संबंध काय?

पुणे मेट्रोच्या संत तुकाराम नगर स्थानकाचा परिसर या पट्ट्याचे चित्र थोडक्यात दाखवतो. मार्च २०२२ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या टप्प्यातील हे स्थानक. जवळच महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, वल्लभनगरचे एसटी आगार, दाट निवासी वस्ती आणि थोड्या अंतरावर भोसरीची एमआयडीसी. टाटा मोटर्स, बजाज ऑटो, महिंद्र, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ यांच्यासारख्या मोठ्या कंपन्यांचे कारखाने पिंपरी, आकुर्डी आणि चाकणमध्ये आहेत. त्यांना लागणारे सुटे भाग मशिनिंग, प्रेसिंग, प्लेटिंग करणाऱ्या लहान-मोठ्या गाळ्यांतून जातात. या गाळ्यांचे हिशेब आणि बिले सांभाळणारे सॉफ्टवेअर अनेक ठिकाणी एखाद्या स्थानिक व्यावसायिकाने बसवून दिलेले आणि गरजेनुसार वाकवलेले असते.

पूर्वी संगणक बिघडला तर बिलबुक काढून काम भागत असे. आता ती सोय राहिलेली नाही. ई-इनव्हॉइसचा नमुना जीएसटी परिषदेने २० सप्टेंबर २०१९ रोजी गोव्यात झालेल्या ३७ व्या बैठकीत मंजूर केला. १ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटी रुपयांपेक्षा अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना तो सक्तीचा झाला. त्यानंतर मर्यादा १०० कोटी, ५० कोटी, २० कोटी, १० कोटी अशी उतरत गेली आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ती पाच कोटींवर आली. वाहन उद्योगाच्या पुरवठा साखळीत पाच कोटींची उलाढाल म्हणजे फार मोठा कारखाना नव्हे. मर्यादेत बसणाऱ्या व्यावसायिकाने इनव्हॉइस पोर्टलवर नोंदवून ६४ अक्षरांचा आयआरएन घेतला नाही, तर सीजीएसटी नियमावलीतील नियम ४८(५) नुसार ते बिल बिलच मानले जात नाही. मग ग्राहकाच्या इनपुट टॅक्स क्रेडिटचा प्रश्न उभा राहतो आणि ग्राहक पैसे अडवून धरतो.

त्यात ई-वे बिलाची भर. महाराष्ट्रात राज्यांतर्गत वाहतुकीसाठी एक लाख रुपयांवरील मालाला आणि राज्याबाहेर ५० हजारांवरील मालाला ते लागते. शिवाय अनेक वाहन कंपन्या माल निघण्यापूर्वी आपल्या प्रणालीत आगाऊ सूचना मागतात. तीत खरेदी आदेशाचा क्रमांक, पार्ट नंबर आणि नगसंख्या तंतोतंत जुळावी लागते. यापैकी एकही संवाद अडला की गाडी गेटवर थांबते.

तयार कोडमध्ये हात घालण्याची वेळ का येते?

करारनामा सर्वांसाठी एकच असतो, पण प्रत्येकाचा व्यवहार वेगळा असतो. कारखान्याच्या नोंदीत मापाचे एकक ‘नग’ असते, जीएसटीच्या यादीत त्यासाठी ‘एनओएस’ किंवा ‘पीसीएस’ लागते. पोर्टलला तारीख आधी दिवस, मग महिना, मग वर्ष अशा क्रमाने मजकूर म्हणून हवी असते, तर साधनाने तयार केलेला कोड तारीख बहुधा वर्षापासून सुरू करतो. बिलाचा क्रमांक १६ अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही आणि त्याची सुरुवात शून्याने किंवा तिरक्या रेघेने करता येत नाही, पण कारखान्याची बिलमालिका कित्येक वर्षे तशीच चालत आलेली असते. जॉबवर्कसाठी डिलिव्हरी चलनावर जाणाऱ्या मालाला ई-इनव्हॉइस लागत नाही, ई-वे बिल मात्र लागू शकते. हा फरकही कुठेतरी नोंदवावा लागतो.

अशा वेळी सर्वात जवळचा रस्ता म्हणजे तयार फाइल उघडून दोन ओळी बदलणे. दुपारी तीनची गाडी उभी असते, ग्राहकाची लाइन थांबण्याची भीती असते आणि दोन ओळींत काम होते. पुढच्या महिन्यात आणखी एक ग्राहक, आणखी दोन ओळी. असे करत करत चार-पाच वर्षांत त्या फाइलीत कारखान्याचे सारे व्यवहारज्ञान जमा होते : कोणत्या ग्राहकाला काय चालते, कोणता दर कोणत्या मालाला, कोणता संदेश आला तर पुन्हा प्रयत्न करायचा. ते इतरत्र कुठेही लिहिलेले नसते. बदल करणारा प्रोग्रामर नोकरी सोडून गेला की उरते ती फक्त फाइल. आणि ती तर मुळातच पुन्हा पुसून तयार करण्यासाठी बनवलेली असते.

स्थलांतराचा प्रश्न आताच का?

कारण अनेक मुदती एकाच सुमारास आल्या आहेत. जावामध्ये सोप सेवांसाठी लागणारे जॅक्स-डब्ल्यूएस आणि जॅक्स-बी हे भाग सप्टेंबर २०१८ मध्ये आलेल्या जावा ११ मधून काढून टाकण्यात आले. त्यांच्याबरोबर ‘डब्ल्यूएस-इम्पोर्ट’ हे साधनही गेले. ते वेगळे मिळवून वापरता येते, पण पूर्वीसारखे आयते मिळत नाही. पुढे ओरॅकलने एंटरप्राइज जावाची जबाबदारी एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवली आणि ‘जावाएक्स’ हे नाव नव्या आवृत्त्यांत वापरण्याबाबत सहमती झाली नाही. त्यामुळे डिसेंबर २०२० मधील जकार्ता ईई ९ मध्ये ती सर्व नावे ‘जकार्ता’ अशी बदलली. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या स्प्रिंग बूट ३ ने जावा १७ आणि ही नवी नावे अनिवार्य केली. परिणामी जुन्या साधनाने तयार केलेली फाइल नव्या फ्रेमवर्कमध्ये उभीच राहत नाही. ती पुन्हा तयार करणे हाच सरळ मार्ग ठरतो.

डॉट नेटची गोष्ट थोडी वेगळी. सोप सेवांसाठी मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये डब्ल्यूसीएफ आणले. नव्या डॉट नेटमध्ये मात्र या सेवा वापरण्याची बाजू आली, सेवा पुरवण्याची बाजू कंपनीने आणली नाही. ती उणीव भरून काढणाऱ्या कोअर-डब्ल्यूसीएफ प्रकल्पाची पहिली आवृत्ती एप्रिल २०२२ मध्ये आली. जुने डॉट नेट फ्रेमवर्क विंडोजबरोबर अजून चालते, त्यामुळे उद्या सकाळी काही बंद पडणार नाही. पण नवी साधने, नवे सर्व्हर आणि नवे मनुष्यबळ दुसरीकडे गेले आहे.

मोठ्या कंपन्यांच्या बाजूने दबाव येतो तो सॅपचा. सॅप ईसीसी ६.० च्या अलीकडच्या एन्हान्समेंट पॅकना कंपनीचा नियमित आधार २०२७ अखेरपर्यंत आहे. जादा शुल्क भरून तो २०३० पर्यंत वाढवता येतो. त्यापूर्वी एस/४ हाना या नव्या प्रणालीवर जाणाऱ्या कंपन्या पुरवठादारांशी होणारी देवाणघेवाणही नव्याने बांधू शकतात. म्हणजे गाळेवाल्याने आपल्याकडे काहीच बदलले नाही तरी समोरचा करारनामा बदलू शकतो.

सरकारी नियमांचे बदल वेगळेच. १ एप्रिल २०२५ पासून १० कोटी आणि त्याहून अधिक उलाढाल असलेल्यांना इनव्हॉइस ३० दिवसांच्या आत पोर्टलवर नोंदवणे बंधनकारक झाले. १ जून २०२५ पासून पोर्टल बिल क्रमांकातील लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांत फरक करत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले आणि वाहनांच्या सर्व सुट्या भागांना १८ टक्के दर लागू झाला. त्यापूर्वी त्यातील अनेक भागांवर २८ टक्के होता. ज्यांनी दर कोडमध्येच कोंबून ठेवला होता, त्यांच्यासाठी त्या दिवशी दर बदलणे म्हणजे कोड बदलणे होते.

नेमके काय बिघडते?

पहिला प्रकार उघड असतो. फाइल पुन्हा तयार होते, हातच्या दुरुस्त्या जातात, पोर्टल बिल नाकारते. हा त्रासदायक, पण दिसणारा बिघाड. खरा धोका आहे तो न दिसणाऱ्या बिघाडांचा. प्रणाली चालते, हिरवा टिक दिसतो आणि माहिती मात्र चुकीची जाते.

तारखेचेच पाहा. भारतीय वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. बिलाची तारीख साठवताना अनेक प्रणाली तिला मध्यरात्रीची वेळ जोडतात. नव्या फ्रेमवर्कने ती प्रमाणवेळेत बदलली तर १ एप्रिलची मध्यरात्र ३१ मार्चची संध्याकाळी साडेसहा होते. वेळेचा भाग गळाला की बिलावर उरते ३१ मार्च. एरवी एका दिवसाची चूक वाटेल, पण येथे आर्थिक वर्षच बदलते. आयआरएन हा विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक, बिलाचा प्रकार आणि आर्थिक वर्ष यांवरून काढला जातो. म्हणजे तो क्रमांकही वेगळा होतो. पोर्टलवर आयआरएन रद्द करायला २४ तास मिळतात. त्यानंतर क्रेडिट नोट आणि विवरणपत्रातील दुरुस्तीचे शुक्लकाष्ठ मागे लागते.

दुसरे उदाहरण रकान्यांच्या क्रमाचे. डॉट नेटमधील जुन्या एएसएमएक्स सेवा एक्सएमएल वाचण्यासाठी एक यंत्रणा वापरत. डब्ल्यूसीएफ डीफॉल्ट म्हणून दुसरी वापरते. या दुसऱ्या यंत्रणेला रकाने ठरलेल्या क्रमाने लागतात आणि वेगळे काही सांगितले नसेल तर तो क्रम इंग्रजी वर्णानुक्रम असतो. क्रमाबाहेर आलेला रकाना पाहून ती ओरडत नाही. त्याकडे दुर्लक्ष करते आणि ती जागा रिकामी किंवा शून्य राहते. नगसंख्या ५०० पाठवली, पलीकडे शून्य पोहोचली, आणि दोन्हीकडे चुकीचा संदेश नाही, असे होऊ शकते.

तिसरे, ऐच्छिक आकड्यांचे. करारनाम्यात एखादा आकडा ऐच्छिक असेल तर डॉट नेटचे जुने साधन त्याच्यासोबत ‘भरला आहे की नाही’ असे सांगणारा एक जोडरकाना तयार करते. आकडा भरला, पण जोडरकान्यात ‘हो’ लिहिले नाही, तर तो आकडा पाठवलाच जात नाही. जुन्या प्रोग्रामरने ही खोच ओळखून तयार फाइलीत दुरुस्ती केलेली असते. नव्या माणसाला तिचा पत्ता नसतो.

चौथे, शून्यांचे आणि पैशांचे. दिल्लीचा राज्य संकेतांक ०७, राजस्थानचा ०८. साधनाने हा रकाना आकडा समजून तयार केला तर पुढचे शून्य गळते आणि उरतो नुसता ७. महाराष्ट्राचा संकेतांक २७ असल्याने स्थानिक बिलांच्या चाचणीत ही चूक दिसत नाही. दिल्लीच्या पहिल्या ग्राहकाला बिल काढताना ती समोर येते. पैशांच्या बाबतीत, डॉट नेटची नेहमीची गोळाबेरीज बरोबर अर्ध्यावर आलेला आकडा जवळच्या सम अंकाकडे नेते. १२.३४५ चे १२.३४ होतात, तर हिशेबनीसाच्या वहीत ते १२.३५ असतात. एका ओळीत एक पैसा, पण दोनशे ओळींच्या बिलात बेरीज जुळत नाही आणि ग्राहकाची प्रणाली बिल परत पाठवते.

मग बदल करायचे कुठे?

तयार फाइलीच्या बाहेर. तंत्रज्ञांमध्ये याबद्दल फारसा मतभेद नाही. तयार फाइल कधीही पुसून पुन्हा तयार करता आली पाहिजे आणि तसे केल्याने काहीही हरवता कामा नये, ही कसोटी.

त्यासाठी मार्ग आहेत. डॉट नेटच्या सी शार्प भाषेत २००५ पासून ‘पार्शल क्लास’ची सोय आहे. एकाच घटकाचा अर्धा भाग साधनाने लिहिलेल्या फाइलीत आणि अर्धा माणसाने लिहिलेल्या दुसऱ्या फाइलीत ठेवता येतो. पहिली पुसली तरी दुसरी शाबूत राहते. मात्र साधनाने आधीच लिहिलेली ओळ यातून बदलता येत नाही, फक्त भर घालता येते. जावामध्ये ही सोय नाही. तेथे ‘बाइंडिंग फाइल’ लिहून साधनालाच आधी सूचना देता येतात : या रकान्याला हे नाव दे, ही तारीख या प्रकारे वाच. ओपन एपीआय जनरेटरमध्ये ज्या साच्यावरून कोड तयार होतो तो साचाच बदलता येतो. पण साचा बदलला की साधनाच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर तो जुळवत बसावे लागते, म्हणून हा मार्ग जपून वापरावा.

सर्वात भरवशाचा मार्ग मधला थर लिहिण्याचा. कारखान्याची स्वतःची बिलाची कल्पना एका बाजूला, पोर्टलसाठी तयार केलेला कोड दुसऱ्या बाजूला आणि मध्ये दुभाष्याचे काम करणारा छोटासा, हाताने लिहिलेला थर. ‘नग’चे ‘एनओएस’ इथे होते, तारखेची मांडणी इथे बदलते, पैशांची गोळाबेरीज इथे ठरते. कराचे दर तर कोडमध्ये नकोतच. ते कोणत्या तारखेपासून लागू, या नोंदीसह तक्त्यात असावेत. उद्या सोप जाऊन रेस्ट आले तरी बदल या थरापुरता राहतो.

सॅपच्या जगात ही शिस्त जुनी आहे. तेथे ग्राहकाने लिहिलेल्या कोडची नावे झेड किंवा वाय या अक्षराने सुरू होतात, म्हणजे मूळ कोडशी त्याची गल्लत होत नाही. मूळ कोडलाच हात लावला असेल तर अद्ययावतीकरणाच्या वेळी अशा ठिकाणांची यादी समोर येते आणि प्रत्येकाबाबत निर्णय घ्यावा लागतो. टॅलीतही स्थानिक गरजांसाठीचे बदल टीडीएल या भाषेत वेगळ्या फाइलीत लिहून जोडले जातात. लघुउद्योजकाच्या मागणीनुसार खास लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र अशी कुंपणे कुणी आपोआप घालून देत नाही. ती मागून घ्यावी लागतात.

स्थलांतराची सुरक्षित पद्धत कोणती?

पहिले काम उत्खननाचे. जुना करारनामा आणि जुने साधन घेऊन तीच फाइल पुन्हा कोरी तयार करायची आणि सध्या चालू असलेल्या फाइलीशी ओळीगणिक ताडून पाहायची. जेथे फरक दिसेल ती माणसाच्या हातची दुरुस्ती. साधनाची नेमकी तीच आवृत्ती मिळाली नाही तर खोटे फरकही दिसतात, ते बाजूला काढावे लागतात. उरलेल्या प्रत्येक फरकापुढे तो का केला असावा, कोणत्या ग्राहकासाठी, आजही लागतो का, हे लिहायचे. हे काम प्रोग्रामर एकटा करू शकत नाही. बिले काढणारा अकाउंटंट आणि डिस्पॅचचा माणूस शेजारी बसावा लागतो, कारण ‘या ग्राहकाला असेच द्यायचे’ याचे उत्तर त्यांच्याकडे असते.

दुसरे काम नमुन्यांचे. गेल्या वर्षभरातील बिलांतून वेगवेगळ्या जातीची बिले निवडायची : परराज्यातील, निर्यातीचे, क्रेडिट नोट, दशांशात वजन असलेले, शेकडो ओळींचे, आणि ३१ मार्च व १ एप्रिलचे. ती जुन्या आणि नव्या दोन्ही प्रणालींतून काढून बाहेर जाणारा मजकूर शब्दशः ताडायचा. ई-इनव्हॉइससाठी चाचणी पोर्टल उपलब्ध आहे, तेथे हे खऱ्या बिलांना धक्का न लावता करता येते.

तिसरे, एकदम उडी टाळायची. ब्रिटिश सॉफ्टवेअर लेखक मार्टिन फाउलर यांनी २००४ मध्ये या पद्धतीला झाडावर वाढून हळूहळू त्याची जागा घेणाऱ्या वडवर्गीय वेलीची उपमा दिली. आधी एका ग्राहकाची किंवा एका प्रकारची बिले नव्या प्रणालीवर न्यायची, काही आठवडे पाहायचे, मग पुढची. जुनी प्रणाली तोवर बाजूला तयार ठेवायची. महिनाअखेर, मार्च आणि सणासुदीच्या उत्पादनाचा काळ यासाठी निवडू नये, हे सांगायला तंत्रज्ञ लागत नाही. तरीही वर्षअखेरीला ‘नव्या वर्षापासून नवे सॉफ्टवेअर’ हा मोह अनेकांना पडतो.

उद्योजकाने कोणते प्रश्न विचारावेत?

उद्योजकाला कोड वाचता येण्याची गरज नाही, पण काही प्रश्न विचारता येतात. आमच्यासाठी केलेले बदल कोणत्या फाइलीत आहेत आणि त्यांची यादी आहे का? पोर्टलसाठीचा कोड आज पुसून पुन्हा तयार केला तर काय थांबेल? सोर्स कोड कुणाकडे आहे आणि प्रत्येक बदलाचा इतिहास जपला जातो का? कराचा दर बदलला तर तो तक्त्यात बदलेल की प्रोग्रामरला बोलवावे लागेल? आणि हा प्रोग्रामर उद्या नसला तर दुसरा कशाच्या आधारे काम उचलेल?

दुसऱ्या प्रश्नाला ‘काही नाही’ असे उत्तर मिळाले आणि ते करून दाखवता आले, तर चिंता कमी. उत्तर टाळले गेले तर स्थलांतराच्या खर्चात उत्खननाचा खर्च धरूनच चालावे. एवढ्या कामाला पैसे कशाला, हा गाळेवाल्याचा आक्षेप अगदीच चुकीचा नाही. दुसऱ्या बाजूला, दोन ओळींच्या दुरुस्तीचे पैसे मिळत असताना व्यवस्थित मधला थर लिहिण्याचे पैसे कुणी देत नाही, ही सॉफ्टवेअर करणाऱ्याची तक्रारही खरी आहे. म्हणून करारातच सोर्स कोडची प्रत, बदलांची लेखी नोंद आणि चाचणीची नमुना बिले ही कामे स्वतंत्रपणे लिहून त्यांचे पैसे ठरवणे दोघांच्या फायद्याचे.

एआयने लिहिलेल्या कोडमुळे प्रश्न सुटेल का?

काही प्रमाणात. जुनी आणि नवी फाइल ताडून फरक समजावून सांगणे, नावे बदलणे, चाचण्यांचा पहिला मसुदा लिहिणे ही कामे एआय साधने झपाट्याने करतात. पण येथे एक मूलभूत फरक लक्षात घ्यायला हवा. जुने साधन तोच करारनामा आणि त्याच सूचना दिल्या की प्रत्येक वेळी तोच कोड तयार करते, म्हणून ती फाइल निर्धास्तपणे पुसता येते. एआयला तोच प्रश्न दोनदा विचारला तर उत्तर वेगळे येऊ शकते. त्यामुळे त्याने लिहिलेला कोड ‘पुन्हा तयार करता येईल’ या भरवशावर सोडता येत नाही. तो माणसाने लिहिलेल्या कोडसारखाच वाचून, तपासून, नोंद ठेवून सांभाळावा लागतो.

शिवाय अमुक ग्राहकाला बिलावर खरेदी आदेशाचा क्रमांक कोणत्या रूपात लागतो, हे कोणत्याही साधनाला माहीत नसते. ते डिस्पॅचच्या टेबलावरील माणसाला माहीत असते, किंवा पूर्वी कुणीतरी तयार फाइलीत लिहून ठेवलेल्या त्या दोन ओळींना. २०२७ ची मुदत जवळ येईल तशी स्थलांतराची कामे वाढतील आणि ती करणारी माणसे महाग होतील. ते दोन ओळींचे ज्ञान बाहेर काढून कागदावर आणण्याचे काम मात्र आजही, चालू प्रणाली न थांबवता करता येण्यासारखे आहे.